पत्र पोहोचले; अर्थ पोहोचला काय?

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास गेले, तर झाडाच्या किंवा पत्र्याच्या सावलीत टेबल मांडून बसलेला अर्जनवीस हमखास दिसतो. एके काळी त्याच्यापुढे टंकयंत्र असे. आता संगणक आणि छपाईयंत्र आले आहे. लोक त्याच्याकडे अर्ज लिहून घ्यावयास येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. आलेले पत्र वाचून घ्यावयासही लोक त्याच्याकडेच येतात. झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावरील कोलाम असो, दिग्रसच्या तांड्यावरील बंजारा असो, की बाभूळगावचा दहावी उत्तीर्ण झालेला कास्तकार असो. घडी घातलेला कागद पुढे करून तो म्हणतो, ‘‘पाहा बरं जी, काय लिहेल आहे यात?’’

यातील पहिल्या दोघांची घरची बोली मराठी नसेल, म्हणून त्यांची अडचण समजण्याजोगी आहे. परंतु तिसऱ्याचे काय? त्याला अक्षरे वाचता येतात. प्रत्येक शब्द सुटा सुटा उच्चारता येतो. तरीही पत्राने आपल्याला पैसे मिळणार आहेत की भरावे लागणार आहेत, अर्ज मंजूर झाला की फेटाळला गेला, एवढेही त्याला उमगत नाही. हा दोष वाचणाऱ्याच्या शिक्षणाचा नव्हे. ज्याने पत्र लिहिले, त्याने वाचणाऱ्याचा विचार केला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरविले आहे. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि २०१९ साली अरुणा ढेरे. दोन्ही वेळा मराठीच्या वैभवावर आणि भवितव्यावर पुष्कळ चर्चा झाली. तथापि ज्या मराठीशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो, ती कवितेची वा कादंबरीची मराठी नसते. ती असते बँकेच्या नोटिशीची, विमा कंपनीच्या पत्राची, पतसंस्थेच्या जामीनखताची, कृषी केंद्रातील बाटलीवरच्या चिठ्ठीची आणि सरकारी कार्यालयाच्या कळविण्याची. या मराठीवर एकही परिसंवाद झडत नाही. आणि माणसाचे घर, शेत, पगार, क्वचित प्राणही अवलंबून असतात ते याच मराठीवर.

परंपरा दुर्बोधतेची नाही

मराठीत व्यवहारलेखनाची परंपराच नाही, म्हणून ही अवस्था झाली, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘मेस्तका’त कोणाला कोणता मायना लिहावा आणि पत्रव्यवहार कसा राखावा, याचे नियम घालून दिलेले आहेत. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि सुमारे १,४०० फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. राज्य चालवायचे तर शब्द नेमका हवा, याची जाण त्या काळच्या राज्यकर्त्यांना होती.

व्यापाऱ्यांची हुंडी हा तर स्पष्ट लेखनाचा आदर्शच म्हणावा लागेल. शंभर रुपयांची हुंडी असेल, तर ती आधी अंकात लिहावी, मग अक्षरात लिहावी, मग त्या रकमेचे निमे किती तेही लिहावे आणि त्याची दुप्पट द्यावी असे सांगावे, असा रिवाज होता. एक शून्य वाढवून फसवणूक होऊ नये आणि शेकडो मैलांवरच्या पेढीतील मुनिमाला क्षणभरही शंका येऊ नये, म्हणून ही काळजी. आजच्या धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिली जाते. दोहोंत फरक पडला तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. पैशाच्या व्यवहारात संदिग्धता म्हणजे नुकसान, हे ज्या समाजाला इतके पक्के ठाऊक होते, त्याच समाजातील आजची पतसंस्था किंवा विमा कंपनी ग्राहकाला पत्र लिहिताना हे विसरते, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यकारभार मराठीत आणण्याचे श्रेय ज्या काळाला जाते, त्याच्याशी यवतमाळचा जवळचा संबंध आहे. पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ हा त्यांच्याच कारकीर्दीतला. ज्याचे बालपण तांड्यावर गेले, अशा नेत्याच्या कारकीर्दीत मराठी ही राज्याची भाषा व्हावी, यात एक औचित्य आहे. कारण राजभाषा करण्याचा हेतू मराठीचा गौरव एवढाच नव्हता. सरकार काय म्हणते ते तांड्यावरच्या आणि पोडावरच्या माणसाला मध्यस्थावाचून कळावे, हा त्याचा खरा गाभा होता. इंग्रजीची भिंत पाडावयाची ती यासाठी. त्या जागी मराठी अक्षरांची दुसरी भिंत उभी राहिली असेल, तर कायद्याचे शब्द पाळले गेले आणि हेतू तेवढा हरवला, असे म्हणणे भाग आहे.

दोष शब्दांचा की वाक्यांचा?

शासकीय मराठीवर टीका करताना सगळे खापर संस्कृत शब्दांवर फोडण्याची प्रथा आहे. १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध झाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली. ती टीका गाजली. परंतु पुढे काय झाले? आयुक्त, सचिव, संचालक, अभियंता हे शब्द आज शाळकरी मुलाच्याही तोंडी आहेत. लोक अजून ‘कलेक्टर’ म्हणत असले, तरी जिल्हाधिकारी म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. तलाठ्याच्या पदाला २०२४ साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव मिळाले. तेही यथावकाश रुळेल. नवा शब्द वापराने परिचित होतो. सबब दुर्बोधतेचे मूळ केवळ शब्दांत शोधणे बरोबर नाही. ते वाक्याच्या घडणीत आहे. नमुन्यादाखल पुढील मजकूर पाहावा. तो कोण्या एका कार्यालयाचा नाही. पण अशी वाक्ये वाचली नाहीत असा वाचक विरळा.

‘‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या अर्जाची छाननी केली असता, विहित नमुन्यातील आवश्यक कागदपत्रांची पूर्तता झालेली नसल्याने, प्रचलित नियमांतील तरतुदींनुसार सदरहू प्रकरणी लाभ अनुज्ञेय ठरत नाही, तरी त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. तरीही वाचणाऱ्याला ज्या पाच गोष्टी हव्यात, त्यांपैकी एकही यात नाही. अर्ज फेटाळला की अजून विचाराधीन आहे? ‘लाभ अनुज्ञेय नाही’ म्हणजे फेटाळला. ‘पूर्तता करावी’ म्हणजे फेटाळला नाही. कोणता कागद कमी पडला? सांगितलेले नाही. ‘विहित मुदत’ कोणत्या तारखेला संपते? ती लिहिणाऱ्याला माहीत आहे, वाचणाऱ्याला नाही. कागद कोठे द्यावयाचा? मौन. हे सारे ठरविले कोणी? ‘कळविण्यात येते’, ‘काढण्यात येईल’ या क्रियापदांना कर्ताच नाही. मराठीतील हा ‘-ण्यात येते’ प्रयोग कधी सोयीचा असतो. पण पत्रातील प्रत्येक वाक्य त्यावरच संपू लागले, की कार्यालय हे माणसांचे न राहता कोठून तरी आपोआप बोलणारे यंत्र होऊन बसते. ज्याच्यावर निर्णय कोसळतो त्याला दाद कोणाकडे मागावी हेच कळत नाही.

हाच आशय असाही लिहिता येतो:

‘‘तुमचा १२ जूनचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. त्यासोबत सात-बाराचा उतारा आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडलेली नाही. या दोन प्रती १५ जुलैपर्यंत तहसील कार्यालयातील खिडकी क्रमांक ३ वर द्या आणि पोच घ्या. त्या तारखेपर्यंत कागद आले नाहीत, तर हा अर्ज रद्द होईल आणि तुम्हांला नवा अर्ज करावा लागेल.’’

दोन्ही मजकुरांची लांबी जवळजवळ सारखीच आहे. दुसऱ्यात कोणताही कायदा मोडलेला नाही, कार्यालयाचा मान कमी झालेला नाही. फरक एवढाच, की पहिला मजकूर नस्तीत ठेवण्यासाठी लिहिला आहे आणि दुसरा माणसाला पाठविण्यासाठी. शिवाय दुसरा मजकूर लिहिणाऱ्याला अर्ज उघडून कोणता कागद नाही हे प्रत्यक्ष पाहावे लागते. पहिला मजकूर अर्ज न पाहताही शंभर जणांना पाठविता येतो. अस्पष्ट लेखन हे पुष्कळदा न केलेल्या कामावर घातलेले पांघरूण असते, ते असे.

किंमत कोण मोजतो?

हा विषय केवळ शैलीचा असता, तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु यवतमाळ जिल्ह्याने गेल्या दोन दशकांत जे भोगले, ते पाहता शब्दांच्या नेमकेपणाला येथे वेगळेच मोल आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या काळ्या छायेत जे सहा जिल्हे आले, त्यांत यवतमाळ अग्रभागी होता. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकारने जे एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले, त्याच्या अटी होत्या: शेती कुटुंबाच्या नावे असावी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे वा परवानाधारक सावकाराचे असावे, वसुलीचा तगादा असावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रकरण तपासावे आणि ते ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवावे. सरकारी तिजोरीतून रक्कम द्यावयाची तर अटी हव्यात, हे मान्य. पण ‘अपात्र’ या शब्दाकडे जरा पाहावे. बोलीत अपात्र म्हणजे नालायक. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराला हा शब्द अटींविषयी काही सांगत नाही; तो त्या घराविषयीच काही सांगतो असे वाटते. त्याऐवजी ‘कर्ज नोंदणीकृत संस्थेचे असल्याचा कागद प्रकरणात नाही’ असे लिहिले, तर दुःख कमी होत नाही. पण अपमान टळतो, आणि असा कागद पेटीत कोठे असेल तर तो शोधण्याची वाट उघडी राहते. एका शब्दाने दार बंद होते आणि एका वाक्याने ते किलकिले राहते.

दुसरे उदाहरण अधिक दारुण आहे. २०१७ च्या खरिपात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्याची कारणे अनेक होती. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, दमट उष्मा, संरक्षक कपड्यांचा अभाव, नव्या प्रकारचे पंप, दोन-तीन रसायनांची मिसळ ही त्यांतली काही. भाषा हे एकमेव कारण होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भाषेचा वाटा शून्य होता, असेही कोणी म्हणू नये.

बाटलीवर काय असते? १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे विषारीपणाची पायरी रंगाने दाखवितात. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी. आता रस्त्यावरच्या दिव्यांनी ज्याला रंग शिकविले आहेत, तो माणूस हिरव्याचा अर्थ ‘जा, धोका नाही’ असाच करणार. बाटलीवरच्या हिरव्याचा अर्थ मात्र ‘सावध राहा’ असा आहे. सोबतच्या घडीपत्रकात मराठी असते. पण ती भिंगाखाली वाचावी इतक्या बारीक अक्षरांत. मात्रा दिलेली असते दर हेक्टरी. शेतकरी मोजतो एकराने आणि फवारतो पंपाने. समजा, ५०० मि. ली. औषध ५०० लिटर पाण्यात एका हेक्टरला असे लिहिले आहे. त्याचा अर्थ १५ लिटरच्या पंपाला १५ मि. ली. आणि एकराला सुमारे २०० मि. ली. हे गणित कंपनीच्या कचेरीत बसून एकदाच करून छापता येते. ते छापले नाही, तर बांधावर उभ्या असलेल्या मजुराला झाकणाच्या अंदाजाने हजार वेळा करावे लागते. आणि अंदाज चुकला तर तोच भरडतो. शिवाय या विषाला सगळे ‘औषध’ म्हणतात. औषध जास्त घातले तर गुण लवकर येईल, ही भाबडी समजूत त्या शब्दातूनच पोसली जाते. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘हे विष आहे’ असे तीन शब्द लिहिण्यास कोणत्या विद्वत्तेची गरज आहे?

कष्टकऱ्यांचीच ही व्यथा आहे, असे समजून शिक्षक आणि कारकून मंडळींनी निश्चिंत राहू नये. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला नाही, असा नोकरदार विदर्भात शोधून काढावा लागेल. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. जामीनखतावर हे लिहिलेले असते, परंतु बारा कलमांच्या गर्दीत, आणि अशा भाषेत की सही करणाऱ्या पदवीधर शिक्षकालाही आपण फक्त ‘ओळख’ देत आहोत असे वाटावे. काही वर्षांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची नोटीस हाती पडते, तेव्हा तो ती तीन वेळा वाचतो. आपल्याला नुसते कळविले आहे, की आपल्या पगारातून कपात होणार आहे, हे त्याला समजत नाही. ‘कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर ही सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल करता येते’ हे वाक्य जामीनखताच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत असते, तर कित्येक सह्या झाल्याच नसत्या. ते वाक्य तेथे नसते याचे कारण कदाचित हेच असावे.

कारकुनाची बाजू

या ठिकाणी लिहिणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. कार्यालयातील कारकून हा काही खलपुरुष नव्हे. त्याने पत्राचा मसुदा करावा, अव्वल कारकुनाने त्यात ‘उपरोक्त’ घालावे, नायब तहसीलदाराने ‘सदरहू’ वाढवावे आणि शेवटी सही होऊन पत्र जावे, हा क्रम आहे. साध्या भाषेत लिहिले तर वरिष्ठांना ते पोरकट वाटेल ही भीती त्याला असते. स्पष्ट लिहिले आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर मान आपलीच अडकेल, ही दुसरी भीती. ‘विहित मुदतीत’ लिहिणे सुरक्षित. ‘१५ जुलैपर्यंत’ लिहिणे म्हणजे १५ जुलै ही तारीख आपण दिली याची जबाबदारी घेणे. खासगी कंपनीतील लिपिकाची गत वेगळी नाही. तेथे लेखापरीक्षकाऐवजी वकील असतो, एवढेच.

कायद्याला नेमकेपणा लागतो आणि नेमकेपणा अवघड भाषेतच येतो, हा आक्षेप मात्र टिकत नाही. वरच्या दोन मजकुरांत अधिक नेमका कोणता? तारीख असलेला, कागदाचे नाव असलेला, खिडकीचा क्रमांक असलेला. अवघड भाषा नेमकी दिसते. ती तशी असतेच असे नाही. ज्यांच्या इंग्रजी कारकुनी वळणाची नक्कल आपल्याकडे उतरली, त्या इंग्रजांनीही हे कधीच ओळखले. ऑगस्ट १९४० मध्ये, लंडनवर युद्धाचे सावट असताना, चर्चिल यांनी आपल्या खात्यांना अहवाल आखूड आणि सुटसुटीत लिहिण्याविषयी टिपण पाठविले. युद्धानंतर ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गोवर्स या सनदी अधिकाऱ्याने सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक १९४८ साली लिहिले. अमेरिकेने २०१० साली सरकारी कागद सुबोध असलेच पाहिजेत असा कायदा केला. मूळ घराने जुने कपडे टाकून दिले. आपण मात्र ते अजून सणासुदीला घालतो आहोत.

आपल्याकडेही मार्ग अगदी नाही असे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे सातवे कलम या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. माहिती नाकारावयाची असेल तर अधिकाऱ्याने तीन गोष्टी कळविल्याच पाहिजेत: नाकारण्याचे कारण, अपील करण्याची मुदत आणि अपील कोणाकडे करावयाचे त्याचा तपशील. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानेही सेवा नाकारताना लेखी कारण देणे बंधनकारक केले. आरोग्य विम्याच्या पॉलिसीसोबत सोप्या भाषेतील माहितीपत्रक देण्याची सुधारित पद्धत १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली आहे. नकाराच्या पत्राचा हा तीन कलमी साचा माहिती अधिकारापुरताच का ठेवावा? बँकेने कर्ज नाकारले, विमा कंपनीने दावा फेटाळला, बाजारात कापसाचा चुकारा अडला, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. प्रत्येक ठिकाणी कारण काय, मुदत किती आणि दाद कोठे, ही तीन उत्तरे देण्यास कोणाचाही अडसर नसावा. २०१६ साली सुरू झालेल्या पीक विमा योजनेत गारपीट किंवा पूर यांसारख्या स्थानिक आपत्तीने झालेले नुकसान ७२ तासांत कळविण्याची अट होती. ज्याला ती अट वेळेवर आणि समजेल अशा शब्दांत कळली नाही, त्याच्या हातून हक्क निसटण्यास तीन दिवस पुरेसे होते. मुदत जितकी लहान, तितके पत्र स्वच्छ हवे, हा साधा न्याय आहे.

शाळेपासून प्रारंभ

या सुधारणेची पहिली पायरी कार्यालयात नसून वर्गात आहे. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली पत्रलेखन शिकविले जाते. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू हा सांगाडा मुले पाठ करतात आणि त्यावर गुण मिळवितात. सांगाडा हवाच, परंतु ज्याला ते पत्र मिळेल त्याला काय करावे हे कळेल काय, हा प्रश्न उत्तरपत्रिका तपासताना क्वचितच विचारला जातो. शिक्षकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. मुलांना घरी आलेले एखादे खरे पत्र आणावयास सांगावे. वीज कंपनीचे, बँकेचे, पंचायत समितीचे, कोणतेही. नावे झाकून ते फळ्यावर लिहावे. मग हे पत्र कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत आणि कोठे काय करावयास सांगते, हे चार प्रश्न विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तेच पत्र मुलांनी पुन्हा लिहावे. घरी जाऊन आजीला वाचून दाखवावे; तिला एका वाचनात समजले तर पूर्ण गुण. अशा रीतीने शिकलेली मुले उद्या त्याच बँकेत आणि त्याच पंचायत समितीत लिपिक होऊन बसतील, तेव्हा त्यांना परिपत्रकाने सुबोध लेखन शिकवावे लागणार नाही.

कार्यालयप्रमुखांनाही खर्चावाचून बरेच करता येईल. जी दहा-बारा छापील पत्रे कार्यालयातून नेहमी जातात, तेवढीच एकदा बसून नव्याने लिहावीत. निर्णय पहिल्या ओळीत, कारण दुसऱ्या, मग तारीख, जागा आणि ज्याला विचारता येईल त्या कर्मचाऱ्याचे पदनाम. सही करण्यापूर्वी ते पत्र कार्यालयातील शिपायाकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्याचा अर्थ त्यालाच विचारावा. पोडावर जाणारे पत्र असेल, तर कोलामी जाणणाऱ्या आश्रमशाळेतील शिक्षकाचा सल्ला घ्यावा. साध्या भाषेत मसुदा करणाऱ्या कारकुनाच्या मसुद्यात ‘उपरोक्त’ घुसडण्याचा मोह वरिष्ठांनी आवरावा. एवढे झाले तरी कचेरीच्या दाराशी विचारणा करणाऱ्यांची रांग आखूड होईल आणि कारकुनाचाच वेळ वाचेल. स्पष्ट पत्र लिहिण्यास लागणारी जास्तीची दहा मिनिटे पन्नास जणांना तोंडी समजावण्यात जाणाऱ्या दिवसापेक्षा खचित स्वस्त आहेत.

व्यापारी संस्थांनाही यात तोटा नाही. ज्या ग्राहकाला हप्त्याची तारीख आणि रक्कम नीट कळते, तो ती अधिक नियमाने भरतो. ज्याला कळत नाही तो घाबरतो, टाळतो आणि शेवटी थकबाकीदारांच्या यादीत जातो. वसुलीच्या दहा नोटिशींपेक्षा कर्ज देतानाचे एक स्वच्छ पत्र अधिक वसुली करते, हे जुन्या पेढीवाल्याला सांगावे लागत नसे.

असे झाले म्हणजे कचेरीच्या आवारातील अर्जनवीस बेकार होईल काय? तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. लोकांना अर्ज लिहून हवेच असतात, आणि ते त्याने लिहावेत. परंतु सरकारने आणि बँकेने मराठीतच लिहिलेल्या पत्राचा मराठीतच अर्थ सांगण्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागू नयेत. राजभाषेचा कायदा होऊन साठ वर्षे उलटली. घडी घातलेला कागद घेऊन उन्हात उभा असलेला तो माणूस अजून मराठीचे मराठी भाषांतर करून मागतो आहे.